‘तुम्ही जाऊन या, मी इथंच बसते’

पत्राचा सारांश : पत्रलेखिका कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ राहते. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, नऊ वर्षांची मुलगी आहे. एप्रिलमध्ये साताऱ्याहून तिचे आईवडील सहा महिन्यांसाठी आलेत. वडील ७२ वर्षांचे, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. आई ६८ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात. दर शनिवार-रविवारी सगळे कुठंतरी जातात आणि पोचल्यावर आई म्हणते, ‘तुम्ही जाऊन या, मी इथंच बसते.’ मग ती गाडीत बसते, नाहीतर बाकावर, पर्स मांडीवर घेऊन. नवऱ्याला मित्रांबरोबर योसेमिटीच्या मिस्ट ट्रेलला, धबधब्याच्या चढाच्या वाटेला, जायचंय. पत्रलेखिकेनं सांता क्रूझच्या डोंगरातल्या हेन्री काउल रेडवूड्स स्टेट पार्कची एक सोपी वाट शोधलीय. नदीकाठच्या रेडवूड या उंचच उंच सूचिपर्णी झाडांच्या जंगलातून फिरून जिथून निघालो तिथंच आणणारी. तिथं कॅम्पग्राउंडही आहे, तर एक रात्र तंबूत काढावी असंही तिच्या मनात आहे. मैत्रीण म्हणते, फक्त सव्वा किलोमीटर, अर्ध्या तासात संपेल, एवढ्यासाठी घाट चढायचा? वडील म्हणतात, झाडं काय साताऱ्यात नाहीत? ‘आईला आग्रह करून न्यावं की तिला घरीच आरामात राहू द्यावं? आणि एवढं करून तिथंही ती गाडीतच बसली तर? ताई, मला फार अपराधी वाटतं,’ असं तिनं लिहिलंय.

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पूर्ण पत्रात ‘फक्त सव्वा किलोमीटर’ दोनदा आलंय आणि आईचं ते वाक्य चार वेळा. म्हणून आधी आईच्या वाक्याबद्दल बोलते.

ते वाक्य तू जसंच्या तसं खरं मानलंयस. आई बसते म्हणाली, कारण गुडघे दुखतात, आणि गुडघ्यांवर आपल्याकडे इलाज नाही. माझ्या सासूबाई आमच्याकडे पाच महिने होत्या तेव्हा मीही तसंच मानलं होतं. त्याही दर वेळी गाडीत बसायच्या. परत जायच्या आदल्या आठवड्यात ओट्याशी भांडी पुसता पुसता त्या मला म्हणाल्या, ‘बाहेर गेलं की संडास कुठंय ते विचारायची लाज वाटते गं, आणि मला आता दम धरवत नाही.’ पाच महिने आम्ही त्यांच्या गुडघ्यांना तेल लावत होतो. ती गोष्ट मला आजही लागून आहे, आणि तुझं पत्र वाचल्यावर पहिलं तेच आठवलं.

तुझ्या आईचं कारण तेच असेल असं नाही. तिला खरंच गुडघ्यांचंच भय असेल. तू नव्यानं घेऊन दिलेले बूट चावत असतील. आपल्यामुळे सगळ्यांना हळू चालावं लागतं, जावई मध्येच थांबून मागं वळून बघतात, हे तिला नको असेल. तू लिहिलंयस की ती पूर्वी दरवर्षी दासनवमीला सज्जनगडाच्या पायऱ्या चढायची. ज्या बाईनं वर्षानुवर्षं गड चढलाय तिला ‘मला आता होत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘मी बसते’ म्हणणं सोपं जात असेल.

तर आधी विचार, पण सगळ्यांसमोर नको आणि गाडीत बसल्यावर तर नकोच. दुपारी दोघीच असताना, भाजी निवडताना विचार. ‘येणारेस का?’ असं विचारलंस की उत्तर ठरलेलं आहे. त्यापेक्षा बारीक विचार : सलग किती वेळ चालवतं? मग किती वेळ टेकावं लागतं? चढताना जास्त दुखतं की उतरताना? गुडघे झिजलेल्या माणसाला बरेचदा चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, आणि घरच्यांना ते लक्षातच येत नाही, कारण ते चढावरच हात द्यायला पुढं होतात. संडासाचंही विचार, पण स्वतःचं सांगून : ‘मला बाई बाहेर गेलं की आधी तेच शोधावं लागतं, तुझं काय?’

एक गोष्ट तुझ्याच पत्रातून तुला परत देते. आई कॉस्टकोत तुझ्याबरोबर ‘तासभर ढकलगाडीला धरून फिरते’ असं तू लिहिलंयस. एवढ्या मोठ्या दुकानात तासभर फिरणं म्हणजे सव्वा किलोमीटरच्या जवळपास सहज होतं. म्हणजे सपाट जमीन, धरायला काहीतरी आणि हवं तेव्हा थांबायची मुभा असेल तर ती चालते. तिची ताकद किती आहे ते तुला आधीच ठाऊक आहे, फक्त तू ते चालणं धरलंच नाहीस.

आता त्या वाटेबद्दल. मैत्रिणीच्या बोलण्यानं तू खट्टू झालीस. ‘सोपी’ म्हणजे ज्यांना खरी वाट झेपत नाही त्यांच्यासाठी उरलेली, असं तुलाही आतून वाटतंय, आणि पत्रभर तू त्या वाटेची जणू माफी मागतेयस. तिथं माझं तुझ्याशी जमत नाही.

रेडवूड ग्रोव्हची ती वाट ०.८ मैलांची, पूर्ण सपाट आहे. चाकाच्या खुर्चीतलं माणूस आणि बाबागाडीतलं बाळ दोघांनाही जाता यावं, अशी ती ठेवलेली आहे. तिथलं सगळ्यात उंच झाड २७७ फुटांच्या आसपास, म्हणजे सुमारे ८४ मीटर. आपल्याकडच्या २७-२८ मजली इमारतीएवढं. काही झाडं दीड हजार वर्षांची आहेत. अजिंठ्यात वाकाटकांच्या काळातली लेणी कोरून झाली, त्यानंतर थोड्याच काळात रुजलेली. जगात रेडवूडचं जे जुनं, कधीच न तोडलेलं जंगल होतं त्यातलं आता साधारण ५ टक्केच उरलंय. उरलेल्यापैकी बरंचसं बघायला चढउतार करावे लागतात. हा तुकडा मात्र नदीकाठच्या सपाटीवर आहे. अशा सपाटीवर गाळाची माती आणि पाणी दोन्ही मिळतं, म्हणून रेडवूड तिथंच सर्वांत मोठे होतात. म्हणजे झाडं एवढी प्रचंड ज्या कारणानं झाली, त्याच कारणानं वाट आईला चालण्याजोगी आहे. या जागेत तरी सोपं आणि भव्य एकाच ठिकाणी आलंय.

ती वाट सगळ्यांची होण्यामागंही गोष्ट आहे, आणि ती बाबांना सांग. १८६७ मध्ये जोसेफ वेल्च नावाच्या माणसानं हा तुकडा विकत घेतला आणि आजूबाजूची जंगलं करवतीखाली जात असताना इथली झाडं राखली. पण ती खाजगी जागा होती, पर्यटकांचं विश्रामस्थान. १९०० मध्ये अँड्र्यू हिल हा छायाचित्रकार या झाडांचे फोटो काढायला आला, तेव्हा मालकानं त्याला हटकलं आणि काढलेल्या फोटोंच्या काचा (निगेटिव्ह) मागितल्या. हिल चिडून परतला, आणि ही झाडं सगळ्यांच्या मालकीची व्हायला हवीत म्हणून त्यानं चळवळ उभी केली. त्यातून १९०२ मध्ये जवळच बिग बेसिन हे कॅलिफोर्नियातलं आजचं सर्वांत जुनं स्टेट पार्क झालं. वेल्चचा तुकडा १९३० मध्ये काउंटीनं (तिथल्या जिल्हा सरकारनं) घेतला, १९५४ मध्ये काउल घराण्यानं शेजारची जमीन दिली आणि दोन्ही मिळून हेन्री काउल पार्क झालं. हे काउल चुन्याच्या धंद्यातले. भट्ट्यांना सरपण म्हणून रेडवूडच जाळले जात. ज्या घरानं रेडवूड जाळून चुना केला, त्याच घराच्या जमिनीवर आज हे पार्क आहे.

‘झाडं काय साताऱ्यात नाहीत’ म्हणणाऱ्या बाबांना झाडं दाखवू नकोस, त्यांना काम दे. वाटेवर क्रमांकाचे खांब आहेत आणि त्यांची माहितीपुस्तिका मिळते. ती त्यांच्या हातात दे आणि नातीला खांब शोधायला पुढं पाठव. भूगोलाच्या शिक्षकाला इथं सांगण्यासारखं पुष्कळ आहे. आपल्याकडे पाऊस उन्हाळ्यानंतर येतो, इथं हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. मग एवढी उंच झाडं उन्हाळ्यात जगतात कशी? समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर. ते सुयांसारख्या पानांवर साचतं, थेंब थेंब खाली गळतं, काही पानांतूनच शोषलं जातं. म्हणून हे झाड ऑरेगनच्या दक्षिण टोकापासून बिग सरपर्यंतच्या किनारपट्टीलाच धरून आहे. महाबळेश्वरचं धुकं पाहिलेल्या माणसाला हे फार आवडेल. आणि एवढ्या झाडाची मुळं जेमतेम सहा ते बारा फूट खोल, पण आडवी लांबवर पसरलेली. तिथली माती पायांनी दाबली गेली तर मुळांचा श्वास कोंडतो, म्हणून फोटोसाठी वाट सोडून बुंध्याशी जायचं नाही. हे तू सांगितलंस तर मुलगी ऐकेल न ऐकेल, आजोबांनी सांगितलं तर ऐकेल.

आईला मात्र माहिती देत बसू नकोस. तिला तिची ओळखीची माणसं भेटतील. झाडांखाली तीन पाकळ्यांच्या पानांचा हिरवा गालिचा दिसेल, तो रेडवूड सॉरेल. तू काही बोलू नकोस, ‘अगं, ही आंबुशी!’ असं तीच म्हणेल, आणि ते बरोबर आहे, दोन्ही एकाच कुळातल्या. (तोडायचं नाही, पार्कात पानसुद्धा तोडायला बंदी आहे, हे तेवढं आधी सांगून ठेव.) कॅलिफोर्निया बेचं खाली पडलेलं पान चुरडून वास घ्यायला लाव, तमालपत्राचा भाऊबंद आहे. पिवळीधमक बनाना स्लग (बिनशंखाची गोगलगाय) दिसली तर नात आजीला ओढत नेईलच.

नवऱ्याच्या मिस्ट ट्रेलबद्दल तू दबकत लिहिलंयस, जणू तो हट्ट करतोय. व्हर्नल धबधब्याच्या माथ्यावर जायला सहाशेहून जास्त दगडी पायऱ्या आहेत, ओल्या आणि निसरड्या. तिथं आई नको आणि बाबाही नकोत. पण नवऱ्यानं का जाऊ नये? एक शनिवार त्याला मित्रांबरोबर जाऊ दे, मनापासून, तोंड न पाडता. सहा महिने दर सुट्टीत सगळ्यांनी एकत्रच फिरायचं हा नियम कोणी केला? त्या नियमामुळेच दर वेळी एकाला मन मारावं लागतं आणि एकीला गाडीत बसावं लागतं. मात्र बदल्यात रेडवूडच्या दिवशी त्यानं आईच्या चालीनं चालावं, पुढं जाऊन वाट बघत उभं राहू नये. आपल्यासाठी कोणीतरी पुढं ताटकळतंय हे दिसलं की दुखऱ्या गुडघ्याचं माणूस घाई करतं आणि अडखळतं. गोल वाटेची सोय हीच की कोणाला मागं फिरावं लागत नाही. मुलगी कंटाळली तर ती आणि नवरा वाट बघत न थांबता पुढं जाऊन दुसरा फेरा उलट दिशेनं मारतील आणि आई पहिल्याच फेऱ्यात असताना तिला समोरून भेटतील.

तंबूचं मी सरळ सांगते : या वेळी नको. तंबूत रात्र काढायची हौस तुझी आहे, आणि ती चांगली आहे, पण ती आईच्या सहलीला जोडू नकोस. जमिनीवरून उठायचं, रात्री अंधारात विजेरी घेऊन संडासापर्यंत जायचं, आणि जुलैतसुद्धा पहाटे अंगात कापरं भरेल एवढा गारठा. तिची रात्र जागून जाईल आणि सकाळी ती म्हणेल, ‘छान झोप लागली.’ शिवाय तिथलं कॅम्पग्राउंड ग्रॅहॅम हिल रोडच्या वेगळ्या फाटकानं आहे, नदीकाठच्या सपाटीपासून दूर आणि वर, त्यामुळे तंबूतून उठून सहज त्या वाटेवर असं होत नाही. जागांचं आरक्षण सहा महिने आधी खुलतं आणि उन्हाळ्यातले शनिवार चटकन जातात. तुम्ही तिघं आईबाबा परत गेल्यावर जा. त्यांनाही हवंच असेल, आणि हे त्यांनी स्वतःहून म्हटलं तरच, तर घडीच्या उंच खाटा ने आणि संडासाजवळची जागा घे.

जायच्या दिवसाचं थोडं सांगते. तिथं जायला हायवे १७ चा घाट आहे, वळणावळणांचा. आईला गाडी लागत असेल तर ती पुढच्या सीटवर, तू मागं. आवळासुपारी जवळ असू दे आणि उतरल्यावर लगेच चालायला लावू नकोस. सकाळी लवकर नीघ. उन्हाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी दुपारी गाडी लावायला जागा मिळत नाही. पोचल्यावर पहिलं काम, काही न बोलता, संडासाकडे. तू आधी जा, तिला सोबत बोलाव. झाडांखाली बाहेरच्यापेक्षा बराच गारवा असतो, तर स्वेटर किंवा शाल हवीच. साडी नेसायची असेल तर नेसू दे, फक्त घोट्याच्या वर आणि पायात तिचे सवयीचे, मागून पट्टा असलेले सँडल. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत. एक काठी म्हाताऱ्यासारखी वाटते म्हणून ती नाकारेल, तर ट्रेकिंगच्या काठ्यांच्या दोन जोड्या आण आणि एक जोडी तू स्वतः वापर. फोनला रेंज जाईल असं धरूनच कुठं आणि किती वाजता भेटायचं ते आधी ठरवा.

पॉयझन ओकबद्दल सगळ्यांना बजाव. तीन-तीन पानांचं झुडूप, कधी वेल, उन्हाळ्याअखेर लालसर होतं. आईला ‘हा इथला बिब्बा’ एवढं म्हटलंस की पुरे. खरंच तो बिब्ब्याच्याच कुळातला आहे आणि अंगावर तसाच उततो. वाटेच्या मध्यभागी चालणाऱ्याला काही होत नाही. लहान मुलांना कडेचं काही उपटायची सवय असते, तिथं लक्ष ठेव.

आणि चिवडा. आपण डबा नेणारच, न्यावाच, पण खाणं पिकनिकच्या टेबलांवर, आणि शेवेची कांडीसुद्धा खाली राहता कामा नये. या डोंगरांतल्या जुन्या झाडांवर मार्बल्ड मरलेट नावाचा समुद्रपक्षी घरटं करतो आणि तो इथं फार थोडा उरलाय. माणसांच्या सांडलेल्या खाण्यानं ‘जे’ नावाचे निळे पक्षी आणि कावळे वाढतात आणि तेच त्याची अंडी-पिल्लं खातात. म्हणून इथली पार्कं पुन्हा पुन्हा सांगतात की कण न् कण उचला. मुलीला हे काम दे.

नदीशी मात्र सावध. सॅन लोरेन्झो उन्हाळ्यात उथळ आणि शांत दिसते, पण काठचे दगड शेवाळलेले असतात. पार्कातल्या पोहायच्या प्रसिद्ध डोहाकडे उतरणारी वाट आईसाठी नाही. पाण्याला हात लावायचाच असेल तर सपाट काठ बघून, बाबांचा हात धरून. माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर पाय धुतलेल्या बाईला नदीपासून लांब ठेवता येणार नाही हे मला कळतं, पण तो निर्णय तिथं जमीन बघून घे.

अशी पत्रं मला दर उन्हाळ्यात येतात, न्यू जर्सीहून, टेक्सासहून, लंडनहून. त्या सगळ्यांना एवढंच सांगते की ‘ईझी’ या शब्दावर विसंबू नका. तो शब्द तिशीतल्या माणसानं लिहिलेला असतो. अंतरापेक्षा चढ किती ते बघा, जमीन कसली आहे ते बघा, लोकांनी काढलेल्या अलीकडच्या फोटोंत बाक दिसतात का ते शोधा, संडास वाटेच्या सुरुवातीला आहे का ते पाहा. ‘अ‍ॅक्सेसिबल’, म्हणजे चाकाच्या खुर्चीलाही जाता येईल असं, लिहिलेलं असेल तर बहुतेक चिंता मिटते. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, म्यूर वूड्स या रेडवूडच्या जंगलातल्या तळाची वाटही अशीच आहे, पण तिथं गाडी लावायचं आरक्षण आधी करावं लागतं. आणि जमलं तर आठवड्यातल्या एखाद्या दिवशी रजा काढून जा. गर्दी नसली की हळू चालणाऱ्याला मागून येणाऱ्यांचं दडपण राहत नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न, ‘तिथंही ती गाडीतच बसली तर?’ तू नीट विचारलंयस, सगळी सोय केलीयस आणि तरीही ती नको म्हणाली, तर ते तिचं उत्तर आहे, ते मान. पण गाडीत नको. पिकनिकच्या जागेत झाडाखाली टेबलाशी बसव, चहाचा थर्मास दे, आणि तुम्ही आळीपाळीनं तिच्याबरोबर राहा. पहिली पाळी तुझी. गप्पा मारता मारता ‘पहिल्या वळणापर्यंत जाऊन येऊ का?’ असं एकदाच विचार. वाट तिथूनच फुटते. शंभर पावलं गेलात आणि परतलात तरी परतलात, त्यात काही बिघडत नाही.

अपराधी वाटण्याबद्दल तू शेवटी लिहिलंयस. दोघी दुपारी बोलाल तेव्हा ते बरंचसं उतरेल असं मला वाटतं, कारण ते गुडघ्यांबद्दल नाही, न विचारल्याबद्दल आहे. एक दिवस ठरव, आणि आदल्या रात्री तिला विचार की डब्याला काय करायचं. तिनं दशम्यांसाठी दूध-गूळ काढून ठेवायला सांगितलं, तर गाडीत पुढची सीट तिची.